बंधाऱ्याच्या निवेदनावरची माझी सही

वसईच्या किनाऱ्यावर अर्नाळ्यापासून पाचूबंदरापर्यंत समुद्राला दगडी बंधारा घाला, अशी मागणी करणारी निवेदनं मी वर्षानुवर्षं लिहिली. सह्या गावाच्या असायच्या, मजकूर माझा असायचा. शाळेत इतिहास शिकवत असल्यामुळे चार ओळी नीट लिहिता येत होत्या, आणि मागणीही मनापासून पटलेली होती. आज ती तशी पटत नाही. माझ्या शब्दावर ज्यांनी सह्या केल्या त्यांना त्यामागचं कारण कळायला हवं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी जुनं मत नीट मांडते, कारण ते उथळ नव्हतं. वसईचा किनारा खचतो आहे, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अर्नाळा किल्ल्याच्या बेटावर पश्चिमेकडची कित्येक घरं समुद्राने नेली. कळंब, भुईगाव, रानगावला सुरूची झाडं मुळांसकट पुळणीवर आडवी झालेली दिसतात. माझी समजूत अशी होती की किनारा ही एक ठरलेली हद्द आहे, समुद्र ती ओलांडतो आहे आणि हद्द सांभाळायची तर भिंत हवी. वसईत इतिहास शिकवणाऱ्या माणसाला हे सुचणं अगदी स्वाभाविक होतं. आमचा इतिहास तटबंदीभोवती फिरतो. १५३४ मध्ये बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, त्यांनी कोट उभारला, आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांच्या फौजेने त्या तटाला भगदाड पाडलं तेव्हा वसई मराठ्यांकडे आली. तट टिकला तर गाव टिकलं, हे मी इतकी वर्षं मुलांना सांगत आले की समुद्राकडेही मी त्याच नजरेने पाहायला लागले.

ही नजर बदलायला सुरुवात झाली ती आमच्या वाडीतल्या बावखलापाशी. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. बावखलं ही आमच्या वाड्यांमधली गोड्या पाण्याची तळी. पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू जमिनीत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्याला वर येऊ देत नाही. केळी, पानवेली, फुलं, भाजी, सगळा बागायती पट्टा त्यावर उभा आहे. एका उन्हाळ्यात आम्ही बावखलातला गाळ काढला आणि एक बाजू थोडी खोल केली. कापलेल्या कडेवर थर स्वच्छ दिसत होते. वर वाडीची काळपट माती. तिच्याखाली पिवळसर, स्वच्छ रेती, आजच्या पुळणीवर असते तशी. रेतीच्या मधोमध वीतभर जाडीचा शिंपल्यांचा पट्टा, बहुतेक शिंपल्या फुटलेल्या, त्यात कालवांची कवचं. मग पुन्हा रेती. आणि तळाशी निळसर काळा, चिकट चिखल, त्यात कुजलेल्या मुळांचे धागे. त्या चिखलाला खाडीचा वास येत होता. समुद्र तिथून चांगला किलोमीटरभर तरी दूर आहे.

शाळेतल्या भूगोलाच्या सरांना मी ते दाखवायला बोलावलं. त्यांनी आधी शिंपल्यांच्या पट्ट्यात कोळसा किंवा खापरांचे तुकडे सापडतात का ते पाहिलं. माणसांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचा ढीग असेल तर त्यात चुलीची राख असते, खाण्याजोग्या मोठ्या शिंपल्याच जास्त असतात. इथे तसं नव्हतं. लहानमोठ्या सगळ्या एकत्र, घासलेल्या, मोडलेल्या, बारीक खड्यांबरोबर. मग ते तळापासून वर बोट सरकवत बोलू लागले. मुळं असलेला चिखल म्हणजे तिवरांची शांत खाडी. वरची रेती म्हणजे ती खाडी बुजून तिच्यावर पुळण सरकली तो काळ. आणि शिंपल्यांचा पट्टा हा बहुधा एखाद्या वादळाचा, कदाचित एकाच रात्रीचा. मोठ्या लाटा हलकी रेती उचलून नेतात आणि जड माल मागे ठेवतात, किंवा वाळूच्या बांधावरून आत फेकतात. पुढची शंभर वर्षं शांत गेली तरी तो पट्टा तसाच राहतो.

वसईचा सगळा इतिहास आपल्याला येतो, असं मी धरून चालले होते. त्या कडेवर त्यातलं माझ्या ओळखीचं एकही पान नव्हतं.

त्यानंतर मी वाचायला लागले आणि चालायलाही लागले. किनाऱ्याकडून पूर्वेला चालत गेलं की फरक पायांना कळतो. सुरूचं बन, रेतीचा उंचवटा, मग सखल पट्टा, पुन्हा उंचवटा. जुनी घरं, देवळं, चर्चं, गोड्या पाण्याच्या विहिरी बहुतेक उंचवट्यांवर. भातशेती, खाजणं, मिठागरं सखल भागात. समुद्राला समांतर असलेल्या या रेतीच्या रांगा म्हणजे एकामागून एक झालेले जुने किनारे. आपल्या पूर्वजांनी त्या ओळखल्या होत्या असं म्हणण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही, पण त्यांनी वस्तीसाठी जागा निवडल्या त्या बरोबर निवडल्या.

समुद्राची पातळी किती बदलली आहे, हे मला आकड्यांत कळलं तेव्हा हद्दीची माझी कल्पना टिकणं अवघड झालं. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, जगभरातला समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. आपल्याकडची समुद्राखालची सपाटी उथळ आणि फार रुंद आहे, त्यामुळे तेव्हाचा किनारा इथून खूप दूर पश्चिमेला होता. मुंबई आणि सौराष्ट्राच्या समोर समुद्रात ‘फिफ्टी फॅदम फ्लॅट’ नावाचं पठार आहे. साठ ते नव्वद मीटर खोलीवरच्या त्या पठारावर उथळ पाण्यात बनणारा चुनखडक सापडतो, म्हणजे एके काळी तिथे लाटा फुटत होत्या. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी अशा खुणांची वयं लावून पातळी कशी चढत गेली याचा आलेख मांडला. साडेचौदा हजार वर्षांपूर्वी समुद्र सुमारे शंभर मीटर खाली, मग झपाट्याने वर, आणि साधारण सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या आसपास. त्यानंतर तो काही काळ एखाद-दोन मीटर वर होता का, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

पुरावा शोधायला समुद्राच्या तळाशीही जावं लागत नाही. मुंबईत १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉक खणताना निळ्या चिकणमातीत गाडलेलं खैराचं जंगल निघालं. साडेतीनशेहून अधिक झाडं मोजली गेली आणि त्यातली निम्म्याहून जास्त आपल्या मुळांवर उभी होती. खैर हे कोरड्या जमिनीवरचं झाड, आणि त्याचे बुंधे ओहोटीच्या पाण्याच्याही खाली. तिथे समुद्र चढला की जमीन खचली, हा प्रश्न त्या बुंध्यांवरून एकदम सुटत नाही. कोकणातला करल हा दगडही असाच. रेती आणि शिंपल्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात चुन्याने सांधल्या जाऊन तो बनतो. त्यामुळे करल जिथे आहे तिथे एके काळी भरतीची रेषा होती असं म्हणता येतं. डेक्कन कॉलेजच्या स्टॅटिरा गझदर यांनी कोकणातल्या अशा निक्षेपांवर आणि तिथल्या अश्मयुगीन माणसावर काम केलं, त्यांचं पुस्तक १९८० मध्ये आलं. पण करल वाचतानाही सावधपणा लागतो. आमच्याकडे मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या घरात जातो, म्हणजे करलावरून मिळणारी पातळी तेवढ्या फरकाने मागेपुढे असू शकते. शिंपल्यांचं कार्बन पद्धतीने काढलेलं वयही काही शतकांनी जास्त दिसतं, कारण समुद्राच्या पाण्यातला कार्बन आधीच जुना असतो. ते दुरुस्त करावं लागतं. ही सावधगिरी मला आवडली. कागदपत्रं वाचताना आम्हीही हेच करतो, किंवा करायला हवं.

कारण कागद चुकतो, आणि वसईच्या बाबतीत तो चांगलाच चुकला आहे. १६१८ सालच्या मे महिन्यात वसईवर भयंकर वादळ आलं. ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्याचं वर्णन आहे. आधी रोगराई, मग वादळ, चर्चची आणि मठांची छपरं उडाली, लाटा इतक्या चढल्या की शहर गिळलं जाणार असं लोकांना वाटलं, आणि त्यानंतर पाऊसच पडला नाही. हेच वादळ पुढे भूकंपांच्या याद्यांमध्ये ‘मुंबईचा भूकंप’ म्हणून जाऊन बसलं. भूकंपतज्ज्ञांनी मूळ वर्णनं पुन्हा वाचून तो भूकंप नव्हता असं सांगेपर्यंत बराच काळ गेला. उलट प्रकार १८८२ चा. त्या वर्षी जून महिन्यात मुंबईत चक्रीवादळाने एक लाख माणसं मेली, असं पुस्तकांतून आणि याद्यांतून छापलं जात राहिलं. हवामानतज्ज्ञ अ‍ॅडम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला तेव्हा असं वादळ झाल्याचा पुरावाच मिळाला नाही. आणि १८८२ हे वर्ष मी तोंडपाठ सांगायचे, कारण त्याच वर्षी भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप खणला आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा उजेडात आणला. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये आमच्या भुईगावात सापडला. मुलांना मी ते दोन्ही सांगितले. पण ज्या खाडीतून गलबतं सोपाऱ्याला येत होती, जिचं बंदर ‘पेरिप्लस’ लिहिणाऱ्या ग्रीक व्यापाऱ्यालाही माहीत होतं, ती खाडी गेली कुठे, हे मी कधी शिकवलं नाही. ‘गाळ साचल्याने बंदर मागे पडले’ एवढं एक वाक्य फळ्यावर लिहायचे.

ती खाडी अजून आहे. वसई हे पूर्वी बेट होतं आणि सोपाऱ्याची खाडी त्याला पूर्वेच्या जमिनीपासून तोडत होती. आता तिच्या पात्रात मिठागरं, खाजणं आणि भराव टाकून उभी राहिलेली वस्ती आहे. २०१८ च्या जुलैमध्ये नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, गाड्या थांबल्या, मिठागरांवर अडकलेल्या कुटुंबांना बाहेर काढावं लागलं. तेव्हा सगळे म्हणत होते की पाऊस फार झाला. झालाही होता. पण पाणी साचलं त्या जागा मी जुन्या खाडीच्या खुणांशी ताडून पाहिल्या आणि मला त्यात अनोळखी काही दिसलं नाही.

वादळाचं मी स्वतः पाहिलेलं उदाहरण तौक्तेचं. १७ मे २०२१ ला ते मुंबईसमोरून उत्तरेकडे गेलं, जमिनीवर चढलं ते गुजरातेत. वसईत केळीच्या बागा झोपल्या, वीज कित्येक दिवस नव्हती. दुसऱ्या दिवशी पुळणीवर गेले तर सुरूच्या मुळांपर्यंत ओली रेती आणि शिंपल्या येऊन पडलेल्या. पण एक गोष्ट मला नंतर पंचांग उघडल्यावर लक्षात आली. तो दिवस वैशाख शुद्ध पंचमीचा होता, भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे दिवस. बुद्धपौर्णिमा २६ मे ला होती. हेच वादळ नऊ दिवसांनी, उधाणाच्या भरतीवर आलं असतं तर पाणी कुठवर आलं असतं? आमच्या बावखलातला शिंपल्यांचा पट्टा मला तेव्हा पुन्हा आठवला. एखाद्या पौर्णिमेला किंवा अमावस्येला आलेलं ते पाणी असेल, असं मला वाटतं, पण ही माझी कल्पना आहे. शिंपल्यांचा असा पट्टा एकट्याने काही सिद्ध करत नाही, कारण समुद्राखालच्या भूकंपाने उठलेली लाटही रेती आत फेकते. २८ नोव्हेंबर १९४५ ला मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली होती, दोनेक मीटर उंच, आणि माणसं वाहून गेली होती. एका वाडीतला थर आणि दहा वाड्यांतले थर एकमेकांशी जुळवले तर बरंच काही सांगता येईल.

आता बंधाऱ्याकडे येते. वाळूचा किनारा वर्षभर हालत असतो. पावसाळ्यात मोठ्या लाटा पुळणीची रेती ओढून थोड्या अंतरावर पाण्याखाली ठेवतात, पाऊस सरल्यावर लहान लाटा ती परत आणतात. पाठीमागचा वाळूचा उंचवटा ही या देवघेवीतली शिल्लक. वादळ आलं की समुद्र त्या शिलकीतून रेती उचलतो आणि त्यातच त्याचा जोर खर्च होतो. एका वयस्क कोळ्याने मला हे माझ्या पुस्तकांपेक्षा थोडक्यात सांगितलं होतं: “बाय, दर्या पावसाळ्यात नेतो, नारळी पौर्णिमा झाल्यावर आणून टाकतो. नेलेलं परत आलं नाही तर समजायचं, मधे कुणीतरी खाल्लं.” समुद्र आणि उंचवटा या दोघांच्या मध्ये आपण दगडी भिंत उभी केली की शिलकीतली रेती समुद्राला मिळत नाही. लाट भिंतीवर आपटून उलटी फिरते आणि भिंतीच्या पायथ्याची रेती खरवडते. पुळण खाली जाते, मग नाही राहत. भिंत संपते तिथल्या शेजाऱ्याची जमीन आधीपेक्षा जोरात तुटायला लागते, म्हणून तो भिंत मागतो. त्याच्या निवेदनाचा मजकूरही मीच लिहून दिलेला असायचा.

आणि मधे कुणी खाल्लं, याचं उत्तर तर सगळ्यांना माहीत आहे. वैतरणेच्या खाडीत आणि आमच्या पुळणींवर वर्षानुवर्षं रेतीउपसा झाला, दिवसाही आणि रात्रीही. त्याच रेतीचं काँक्रीट विरार-नालासोपाऱ्यात उभं आहे. शिवाय नद्यांवरची धरणं. तानसा १८९२ चं, मोडकसागर १९५७ चं, मध्य वैतरणा २०१४ चं. मुंबईला पाणी हवं हे मला मान्य आहे, माझीही भावंडं तिथे राहतात. पण धरणात पाण्याबरोबर डोंगराची रेतीही अडते आणि ती खाली येत नाही, हा हिशोब कुणी केलेला मी पाहिला नाही. समुद्राची पातळी पुन्हा चढते आहे त्याच काळात किनाऱ्याची शिल्लक सगळीकडून काढली जाते आहे. अशा वेळी दगड टाकून आपण फक्त धूप कुठे होईल ती जागा बदलतो. हे मला पटलं आणि मग जुन्या मजकुरावर सही करणं शक्य राहिलं नाही.

हे सांगणं सोपं गेलं नाही. त्याच कोळ्याला मी माझं नवं मत सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “तुमचं खरं असंल, पन माझ्या भावाचं घर आज पडतंय.” याला माझ्याकडे खोडणारं उत्तर नाही. अर्नाळा बेटावरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथे आहेत. समुद्राला जागा द्या असं त्यांना वाडीतल्या सावलीत बसून सांगण्याचा मला अधिकार नाही. जिथे दारात लाट आली आहे आणि माणसाला जायला दुसरी जागा नाही तिथे दगड टाकावे लागतील, आणि त्या मागणीवर मी आजही सही करीन. माझा बदल बाकीच्या किनाऱ्याबद्दल आहे, जिथे मागे अजून बांधकाम झालेलं नाही आणि वाळूचा उंचवटा शाबूत आहे. ती जागा समुद्राच्या येण्याजाण्यासाठी मोकळी ठेवावी. यासाठी नवा कायदाही नको. किनारपट्टी नियमन अधिसूचनेत, २०११ च्याही आणि २०१९ च्याही, वालुकागिरी, म्हणजे वाळूचे हे उंचवटे, आणि तिवरं सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात घातलेली आहेत. ते संरक्षण प्रत्यक्षात पाळलं जावं, एवढंच.

मी बागायती जमिनीची मालकीण आहे, तेव्हा हे मत मला परवडतं असं कुणी म्हणेल. खरं तर आमची वाडीही एका जुन्या किनाऱ्यावर आहे आणि पाणी पुन्हा तिथवर यायचं असेल तर ते माझ्या मुलांच्या किंवा नातवंडांच्या काळात येऊ शकतं. विहिरी खाऱ्या होण्याची सुरुवात तर आम्ही, टँकर विहिरींचं पाणी उपसून नेत त्या काळापासून पाहतो आहोत. रेतीतलं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, वरून जास्त उपसलं की खालचं वर येतं. हरित वसई संरक्षण समितीने फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली पाण्यासाठी आणि हिरव्या पट्ट्यासाठी लढा दिला तेव्हा मी घोषणा देणाऱ्यांत होते. पण तेव्हा मला तो माणसांचा लढा वाटत होता. पायाखालच्या रेतीची रचना त्या लढ्याच्या मुळाशी आहे, हे आता समजतं.

नवं निवेदन मी लिहून तयार केलं आहे. त्यात उंचवट्यांच्या संरक्षणाची, रेतीउपसा बंद करण्याची आणि खाजणांतल्या भरावावर बंदीची मागणी आहे. पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती वेगळीच. वसई-विरारमध्ये उभ्या राहिलेल्या उंच इमारतींच्या पायासाठी सहसा आधी जमिनीत बोअर मारून माती तपासलेली असते. भराव किती, चिखल किती खोल, शिंपल्यांचा थर कुठे, मुरूम कुठे, खडक किती फुटांवर, हे सगळं त्या अहवालात लिहिलेलं असतं. विरारपासून वसईपर्यंत असे अहवाल ढिगाने असणार, बिल्डरांच्या आणि सल्लागारांच्या कपाटांत पडलेले. महापालिकेने ते मागवून एका नकाशावर मांडले तर सोपाऱ्याची खाडी कुठून कशी जात होती, जुने किनारे कुठे होते, कोणत्या इमारती कोणत्या चिखलावर उभ्या आहेत, हे खणल्याशिवाय दिसेल. नवीन परवानगी देताना हा अहवाल नकाशात जमा करण्याची अट घालायला एक पैसाही लागत नाही. भूगोलाचे सर म्हणतात की वर्षभरात पहिला कच्चा नकाशा होईल, आणि तो करायला ते निवृत्तीनंतर मोकळे आहेत.

निवेदनावर सह्या गोळा करणं चालू आहे. जुन्या कागदावर सही केलेल्यांपैकी काहींनी या वेळी नकार दिला, त्यांत किनाऱ्यालगत घरं असलेले बरेच आहेत. त्यांच्यासाठी बेटावरच्या आणि लाटेच्या तोंडावरच्या घरांच्या संरक्षणाचं वेगळं निवेदन काढलं आहे, तेही मीच लिहिलं आहे. दोन्ही कागद पुढच्या सोमवारी एकत्रच देणार आहोत.